दादाच्या तोंडी घातलेला आवाज

माझ्या मोठ्या भावाला एका सिनेमावाल्याने फसवलं, आणि तो सौदा मी ठरवून दिला होता. पैशाच्या बाबतीत फसवलं नाही. ठरलं तेवढं दिलं, वेळेवर दिलं, जाताना वहिनीला साडीही दिली. पैशाचा विषय इथेच संपला. त्याने जे नेलं, त्याला बाजारात भाव नाही. असता तर मी ते इतक्या सहज जाऊ दिलं नसतं.

मी तलासरी तालुक्यात झरीला राहतो. गवताचा व्यापार करतो. दादा आणि मी लहानपणी दुसऱ्याच्या माळावर विळा घेऊन गवत कापायला जात होतो. आज माझी स्वतःची वखार आहे, गाठी बांधायचं यंत्र आहे, आणि वापीचे तबेलेवाले शेठ माझ्याशी बोलताना आधी पाणी पिऊन घेतात. ते मला माथाफरेल म्हणतात, म्हणजे डोकं फिरलेला. म्हणतात आणि तरी गवत माझ्याकडूनच घेतात. मी कोणाचं खाल्लं नाही आणि कोणाला खाऊ दिलं नाही. दादा वेगळा. तो बैलांच्या सौद्यात मध्यस्थी करायचा. दोन्हीकडचे लोक त्याच्यावर विश्वास टाकायचे, कारण त्याला खोटं बोलताना लाज वाटायची आणि ती चेहऱ्यावर दिसायची.

२०१४ साली दादाच्या घशाचं ऑपरेशन झालं. बिडी. मुंबईच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की जीव वाचेल, आवाज जाईल. गळ्याला पुढून भोक राहिलं, त्यातून श्वास. त्यावर तो पंचा गुंडाळायचा. त्याची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती.

पहिले सहा महिने फार वाईट गेले. दादा हातवारे करायचा, आम्हाला कळायचं नाही, मग मी ओरडायचो. मी ओरडलो की तो उठून बैलाजवळ जाऊन बसायचा. पण ओठ हलवून बोलणं त्याने सोडलं नाही, आणि हळूहळू आम्ही ते वाचायला लागलो. आधी वहिनी. मग मी. सगळ्यात पक्कं वाचायची ती मुलगी, कारण तिला बापाचं बोलणं म्हणजे असंच असतं हे माहीत होतं. दादा अंगणाच्या त्या टोकाला उभा राहून तिला काही म्हणायचा आणि ही इकडून मोठ्याने उत्तर द्यायची. नवा माणूस चक्रावून जायचा, पोरगी कोणाशी बोलते म्हणून.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही दोघे चारोटीच्या नाक्यावर चहा पीत बसलो होतो. दादा मला एसटीच्या कंडक्टरशी झालेलं भांडण सांगत होता. कंडक्टर विचारतो कुठे जायचं, हा ओठ हलवतो, कंडक्टरला वाटतं हा आपली नक्कल करतोय. दादा एकदा कंडक्टर व्हायचा, एकदा स्वतः व्हायचा. मी हसत होतो. शेजारच्या बाकावर मुंबईची तीन-चार मंडळी होती. त्यांतला एक उठून आला, तिशीतला, दाढीवाला. माझ्याकडे न बघता थेट दादाला म्हणाला, "काका, सिनेमात काम कराल?"

दादाने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले: याला सांग, मला चहाचे पैसे देता येतात. त्याला वाटलं कोणीतरी दया करतंय.

तो दिग्दर्शक होता. त्याला मूकपट करायचा होता, पूर्वी असायचे तसा. कोणी बोलणार नाही, मधूनमधून पाट्या येतील. म्हाताऱ्या माणसाची गोष्ट, जो आपला बैल विकतो. म्हाताऱ्याचं काम करायला त्याने नाटकातले दोन नट पाहिले होते, पण आवाज काढून घेतला की ते नुसते हात उडवत राहतात, असं तो म्हणाला. दादाने ते ऐकलं आणि त्याच्या गळ्यातून फस्स आवाज आला. ते त्याचं हसू.

बोलणी आमच्या अंगणात झाली. मी कंबर कसून बसलो. किती दिवस, जेवण कोणाचं, बैलाला चारा कोणाचा, दादाला मधे विश्रांती किती, गळ्यात धूळ जाणार नाही याची काळजी कोण घेणार, सगळं मी घासून घेतलं. दिग्दर्शक घामाघूम झाला. शेवटी तो म्हणाला, "काका, अजून काही राहिलंय का?"

मी म्हणालो नाही. दादाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो म्हणाला आणि मी त्याचे शब्द मोठ्याने सांगितले: माझ्या तोंडी कोणाचा आवाज घालायचा नाही.

यामागे कारण होतं. टीव्हीवर दक्षिणेतले सिनेमे हिंदी आवाजात लागतात. ऑपरेशनआधी दादा ते बघायचा. नंतर त्याला ते सहन होईना. ओठ एक म्हणतायत आणि कानाला भलतंच येतंय. तो उठून जायचा.

दिग्दर्शक हसला. म्हणाला, मूकपटात आवाज कसा घालणार. आणि मीही हसलो. दादाला म्हणालो, अरे, मुका सिनेमा आहे, त्यात आवाजाची अट कसली घालतोस. आयुष्यात मी हजार सौदे केले, समोरच्याची अट हसण्यावारी कधी नेली नाही. स्वतःच्या भावाची नेली.

दादा हसला नाही. बैलबाजारात आमच्याकडे भाव तोंडाने ठरत नाही. दोघांच्या हातांवर पंचा टाकतात आणि खाली बोटं दाबून आकडा कळवतात. बोटं पक्की धरली की सौदा झाला. मग आभाळ कोसळलं तरी तो फिरत नाही. दादाने गळ्याचा पंचा सोडला. परक्या माणसासमोर ते भोक त्याने कधी उघडं केलं नव्हतं. पंचा दिग्दर्शकाच्या हातावर टाकला आणि खालून त्याची चार बोटं धरली. आकडा काही नव्हताच. नुसती धरून ठेवली, समोरून दाब येईपर्यंत. दाब आला. दिग्दर्शक त्याच्या माणसाला म्हणाला, हे फार सुंदर आहे, फोटो काढ.

आठवड्याने कागद आले. पाच पानं, सगळी इंग्रजीत. मी आकडे पाहिले, तारखा पाहिल्या, बैलाच्या चाऱ्याचं आहे का ते दिग्दर्शकाकडून वाचून घेतलं. बाकीचं वाचून घेतलं नाही. हात दिलेला असताना कागद तपासणं म्हणजे हाताचा अपमान, असं आम्ही मानतो. दादाने सही केली, साक्षीदार म्हणून खाली मी केली.

शूटिंग झरीच्याच बाहेर एका माळावर झालं. पहिल्या दिवशी दिग्दर्शकाने दादाला एकच गोष्ट सांगितली, की हात वापरायचे नाहीत. दादा घरी येऊन मला म्हणाला, दीड वर्षात पहिल्यांदा मला कोणी हात खाली ठेवायला सांगितले. खूष होता. रोज पहाटे उठून दाढी करायचा आणि तिथे गेल्यावर शिव्या खायचा, कारण त्यांना वाढलेली दाढी हवी होती. गावातली पोरं 'हिरो, हिरो' करत मागे यायची. तो मान ताठ करून चालायचा आणि मला ओठांनी सांगायचा, जळ.

एक प्रसंग होता. म्हातारा बैल विकून रिकामं दावं घेऊन घरी येतो, उंबऱ्यात नात उभी असते. नातीचं काम करणारी मुलगी मुंबईची होती. आमची मुलगी माझा हात धरून कॅमेऱ्याच्या मागे उभी होती. दिग्दर्शकाने सांगितलं, काका, तिच्याशी बोला, काहीही बोला, नुसते ओठ हलले पाहिजेत, पाटी आम्ही नंतर टाकू.

दादा उंबऱ्यासमोर उभा राहिला. चेहरा त्या मुलीकडे होता, बोलत होता तो आमच्या मुलीशी. मी तिथेच वाचलं.

जेवलीस का. आईला त्रास देऊ नको. शाळा सोडायची नाही. काका ओरडला तर ओरडू दे, पण त्याचं ऐकायचं. त्याने मला कधी उपाशी ठेवलं नाही.

काम थांबलं. दोन-तीन जणांनी डोळे पुसले. दिग्दर्शक माझ्याजवळ आला आणि त्याने हळूच विचारलं, ते काय बोलले. आतलं परक्याला दाखवायचं नाही, ही माझी चाळीस वर्षांची सवय. मी म्हणालो, "काही नाही, बैलाचा भाव सांगत होता."

तो मोठ्याने हसला. मला तेव्हा बरं वाटलं. घरातली वस्तू घरात राहिली असं वाटलं.

सिनेमा पुढच्या उन्हाळ्यात डहाणूला एका शाळेच्या सभागृहात दाखवला. पांढरा पडदा, खिडक्यांना काळे कागद, बाहेर भर दुपार. एक माणूस बाजूला बसून पेटी वाजवत होता. मुंबईचे लोक पुढे, आमचं गाव मागे. मुलगी माझ्या मांडीवर होती, पाच वर्षांची. उंबऱ्याचा प्रसंग आला. दादाचा चेहरा भिंतीएवढा झाला. पाटी आली, 'तो आता परत येणार नाही'. आणि माझ्या मांडीवरून आवाज आला, जेवलीस का. मग, आईला त्रास देऊ नको. ती बापाचे ओठ वाचत होती, मोठ्याने, पाढे म्हणावेत तशी. पुढच्या रांगेतल्या एका बाईने मागे वळून गप्प बसायची खूण केली. मी त्या बाईला असं काही सुनावलं की पेटीवाला थांबला. दादा शेजारी खाली मान घालून बसला होता. वहिनी पंच्याच्या टोकाने त्याचे डोळे पुसत होती. घरी जाताना टेम्पोत तो मला म्हणाला, सिनेमा ठीक आहे, पण पाटी चूक आहे.

त्यानंतर त्याला आणखी दोन कामं मिळाली. एकदा कॉलेजच्या मुलांनी त्याला विवळवेढ्याच्या देवळाच्या पायऱ्यांवर दिवसभर बसवलं आणि पेढे दिले. दुसऱ्यांदा मेलेल्या माणसाचं काम होतं. श्वास धरून पडायचं, पण याचा श्वास गळ्यातून, पंचा हलायचा. सहा वेळा घेतलं. शेवटी त्यांनी त्याच्या गळ्यावर फुलांचा हार टाकला, तर हारातली फुलंही हलली. दादा हे सगळ्या बाजारात करून दाखवायचा. मेलेला माणूस हसतोय, आणि दिग्दर्शक कपाळावर हात मारून घेतोय. लोक पोट धरून हसायचे. मूकपटात काम करणारा माझा भाऊ, असं मी तबेलेवाल्यांना सांगायचो. एवढीच त्याची कारकीर्द. तीन कामं, साधारण अडीच वर्षं.

२०१८ च्या पावसाळ्यात आजार परत आला आणि दसऱ्याच्या आधी दादा गेला. शेवटचे पंधरा दिवस त्याचे ओठ सुकून चिकटायचे. वहिनी कापसाने ओले करायची, मग तो दोन शब्द बोलायचा. शेवटी काय म्हणाला ते आम्हाला दोघांनाही वाचता आलं नाही. मुलगी तेव्हा शाळेत होती.

पुढच्या वर्षी, गवताचा हंगाम संपत आला होता, मी वखारीतून दुपारी जेवायला आलो तर मुलगी ओटीवर मोबाइल कानाला लावून बसली होती. फोन कोणाचा आला म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "बाबांचा."

मी तिच्या हातातून मोबाइल घेतला. दादाचा सिनेमा होता. कोणीतरी तो मोबाइलवर टाकला होता, शाळेत एका बाईंनी दाखवला होता. आणि त्यात आवाज होता. भारी, खर्जातला, नाटकी आवाज. उंबऱ्यासमोर माझा भाऊ त्या आवाजात म्हणत होता की ही माती आपली आई आहे, आणि आईला कोणी विकत नाही. दादाने सगळ्या जन्मात असं वाक्य उच्चारलं नाही. त्याची स्वतःची जमीनच नव्हती.

मी आवाज बंद केला. म्हटलं, ओठ तरी बघू दे. ओठ नव्हते. नवी वाक्यं बसावीत म्हणून त्यांनी चित्रच बदललं होतं. दादा बोलायला लागला की बैलाचं तोंड दिसायचं, नाहीतर त्या मुंबईच्या मुलीचे पाय, नाहीतर दादाची पाठ. त्याचा चेहरा दिसतो तो एका शब्दापुरता. जेवलीस, एवढंच येतं. 'का' येत नाही.

मुलगी बघत होती. म्हणाली, "काका, लावा ना परत. बाबांचा आवाज आहे."

मी म्हणालो, हा त्याचा आवाज नाही.

"मग कसा होता?"

मी तोंड उघडलं. त्याच्यासारखं बोलून दाखवावं म्हणून. लहानपणापासून ऐकलेला आवाज, माळावर, बाजारात, भांडणात. मी दोन वाक्यं बोललो आणि माझं मलाच कळलं की हा माझा आवाज आहे. वहिनी आतून आली. म्हणाली, "नाही भावजी, असा नव्हता. बारीक होता." मी म्हणालो, बारीक नव्हता, जरा फाटका होता. ती म्हणाली, फाटका तो ऑपरेशनच्या आधी, आजारात झाला. आम्ही दोघं तिथे उभे राहून वाद घालत होतो, आणि आमच्यापैकी कोणालाच खात्री नव्हती. आमच्याकडे त्याचं रेकॉर्डिंग नाही. त्या काळात माझा साधा फोन होता. लग्नाच्या कॅसेटमध्येही बँड वाजतो आहे.

मुलीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग मोबाइल माझ्या हातातून परत घेतला. म्हणाली, "तुम्हाला आठवत नाही ना? मग हाच राहू दे."

मी त्याच दिवशी दिग्दर्शकाला फोन केला. जे बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला की आवाजाशिवाय सिनेमा कोणी घेईना, घेणाऱ्याने अट घातली, मोबाइलवर मूकपट कोण बघतं. कागदात तशी मुभा आहे, चौथ्या पानावर, खाली तुमची सही आहे. मी म्हणालो, हात दिला होतास. तो म्हणाला, काका, ती तुमची प्रथा होती, मी आदर म्हणून केलं. आणि मग म्हणाला, "त्या सीनमध्ये ते काही महत्त्वाचं बोलतच नव्हते. बैलाचा भाव सांगत होते. तुम्हीच सांगितलंत."

मी फोन ठेवला. मी मुंबईला दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा तो भेटला. जुना मूकपट आहे का विचारलं, तर म्हणाला असेल, एका जोडीदाराकडे आहे, शोधावं लागेल. दुसऱ्यांदा ऑफिसला कुलूप होतं. फोन उचलत नाही. वखारीतल्या माणसाच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवतो. वकिलाकडे गेलो. त्याने पाचही पानं वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

माझी चूक मी वर लिहिली आहे. वाचून न घेता सही केली, आणि भावाचे शब्द लपवले. वहिनीसमोर ते कबूल केलं. तिने त्या दिवशी मला जेवायला वाढलं नाही. मुलीला अजून सांगितलेलं नाही. ती आता आठ वर्षांची आहे. परवा मी तिच्यासमोर बसून नुसते ओठ हलवले, सोपं वाक्य, पाणी आण. तिने दोनदा विचारलं, काय, काय. पूर्वी तिला अंगणाच्या पलीकडून कळायचं. आता वाचायला ओठच नाहीत, म्हणून ते सुटत चाललं आहे. अजून वर्षभराने तो जुना सिनेमा सापडला तरी तिला त्यात नुसता तोंड हलवणारा माणूस दिसेल.

म्हणून हे लिहिलं आहे, आणि हे ज्याच्यासाठी आहे त्याला कळेल. तुझे पैसे नकोत, माफीही नको. तो आवाज कोणत्या माणसाचा आहे, त्याला किती वेळ दिला, बोलताना त्याने दादाचा चेहरा तरी पाहिला होता का, हे मला हवं आहे. पाट्यांचा सिनेमा, उंबऱ्याच्या प्रसंगासकट, जसा डहाणूला दाखवला तसाच हवा आहे. जोडीदाराकडे असेल तर जोडीदाराला घेऊन ये. झरीला ये, तुला रस्ता माहीत आहे. ओटीवर मुलीसमोर बस आणि तिच्या तोंडावर सांग की हा तुझा बाप नाही. मी सांगून पाहिलं, ती माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल. कधी येतोस ते कळव.